बुडबुडेरावांचं सपाट मैदान

बाईंनी मुलींना शब्द दिला तेव्हा परसात गुडघ्याएवढं गवत, कपडे वाळत घालायच्या तारा आणि एक पाय मोडलेली खुर्ची एवढाच ऐवज होता. तरी शब्द दिला. "सुट्टी संपायच्या आत आपलं स्वतःचं मैदान तयार असेल," असं छातीठोकपणे सांगून मोकळ्या झाल्या. बोलायला काय, जिभेला हाड नसतं.

झालं होतं असं, की शाळेनं बास्केटबॉलच्या मैदानावर नवे वर्ग बांधायला काढले होते. बाई त्या शाळेत खेळ शिकवायच्या. सगळी गल्लीसुद्धा त्यांना नुसतं 'बाई'च म्हणायची. मुख्याध्यापिकांनी त्यांना खोलीत बोलावलं आणि साखरेत घोळवलेल्या आवाजात सांगितलं, "मैदान नाही म्हणून काय अडतंय? मुलींना वर्गातच काहीतरी बसून खेळायला द्या."

"बसून?"

"बुद्धिबळ वगैरे."

बाई तशाच उठल्या. बाहेर आल्या, कामगारांनी उपटून टाकलेला खांब आणि गंजलेली रिंग टेम्पोत घातली आणि घरी घेऊन आल्या.

मुली पाच. कॅप्टन, जिराफ, मिरची आणि 'जोडी', म्हणजे दोघी जुळ्या, ज्यांच्या बाबतीत पंचसुद्धा फसायचे आणि एकीचा फाउल दुसरीच्या नावावर लिहायचे. ही नावं बाईंनीच ठेवलेली. चेंडू त्यांच्या डोक्यापेक्षा मोठा होता तेव्हापासून पाचजणी एकत्र खेळत होत्या. बदली खेळाडू कुणी नाही. एकीला ताप आला की सगळ्या संघाला ताप. त्यात जिराफ नावाप्रमाणेच उंच, आणि शहराच्या दुसऱ्या टोकाच्या क्लबाचा तिच्यावर केव्हापासून डोळा. सुट्टी संपताना क्लबाचे प्रवेश बंद होणार होते. जिराफ म्हणायची, "मी नाही जाणार, बाई." पण खेळायला जागाच नसेल तर ती पोर किती दिवस नुसती नखं खात बसेल? आणि जिराफ गेली की उरल्या चार. चौघींना कुणी बास्केटबॉलचा संघ म्हणत नाही.

म्हणून घाई होती. आणि या घाईच्या कामाला बाईंनी जुंपलं कुणाला, तर नवऱ्याला.

नवरा फिटर. सगळी हयात कारखान्यात यंत्रं बसवण्यात गेली. यंत्राखाली पत्र्याच्या चकत्या सरकवायच्या, वर लेव्हल ठेवायची आणि तिच्या काचेतला बुडबुडा बरोब्बर मधोमध येईपर्यंत जेवायला उठायचं नाही, असा खाक्या. कारखान्यातली पोरं त्यांना बुडबुडेराव म्हणायची आणि त्यांना ते आवडायचं. निवृत्त झाल्यावर बसवायला यंत्र उरलं नाही, तेव्हा ते घरावर घसरले. फ्रिज लेव्हलमध्ये आणला. भिंतीवरच्या तसबिरी आणल्या. थोरल्या बहिणीचा, आक्कांचा पलंगसुद्धा सोडला नाही. दुसऱ्या दिवशी आक्का कंबर धरून बाहेर आल्या. "अरे, सरळ म्हणजे किती सरळ! रात्रभर ऑपरेशनच्या टेबलावर पडल्यासारखं वाटत होतं मला."

बाकी वेळ ते खिडकीशी बसून असत. बाईंना ते बघवायचं नाही. म्हणून मैदानाचा विषय काढला तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे काही आलं, ते बघून बाईंना वाटलं, चला, एका दगडात दोन पक्षी.

पक्षी राहिले बाजूला. दगड मात्र ट्रक भरून आले.

आधी माती काढायची होती. वरची काळी, भुसभुशीत माती ठेवली तर मैदान पुढं खचतं, हे बुडबुडेराव कुठूनसं शिकून आले होते आणि ते खरंही होतं. पण ती किती काढायची याला काही सुमार? बाईंना वाटलं होतं वीतभर. बुडबुडेरावांनी परसात असा खड्डा केला, की आक्कांनी पायरीवरून डोकावून विचारलं, "खाली अजून एक मजला काढतोयस का रे?"

"पाया आहे आक्का. पाया पक्का पाहिजे."

"पक्का कर बाबा. पण तिच्या पोरींची लग्नं व्हायच्या आत कर."

मग कोपऱ्यांत खुंट्या ठोकल्या, दोऱ्या ताणल्या. एक लांबलचक पारदर्शक नळी आणून तिच्यात पाणी भरलं. नळीचं एक टोक बाईंनी एका खुंटीशी धरायचं, दुसरं त्यांनी दुसऱ्या खुंटीशी, आणि दोन्हीकडचं पाणी सारख्या उंचीवर आलं की खूण करायची. बाई नळी धरून उभ्या होत्या. हाताला रग लागली होती. समोर बुडबुडेराव एक डोळा मिटून शीळ घालत होते. किती दिवसांनी शीळ घालत होते!

"अहो, एका बाजूला थोडा उतार ठेवायचा ना?" बाई म्हणाल्या. "शाळेच्या मैदानावर पाणी साचायचं नाही. आपोआप नळाच्या बाजूला जायचं."

शीळ थांबली. "उतार?" ते म्हणाले. एखाद्या शाकाहारी माणसाच्या ताटात कुणी हाडूक टाकावं, तसा चेहरा. "अगं, उतार ही चूक असते. जन्मभर मी लोकांचे उतार काढत आलो. शाळेचं मैदान बांधणाऱ्यानं चुकवलं असेल, ते तुम्ही चालवून घेतलंत."

"पण पाणी..."

"नळी हलवू नकोस. पाणी नाचतंय."

बाईंनी नळी हलवली नाही. पुढं बोलल्याही नाहीत. शीळ परत सुरू झाली होती. इतका आनंदात असलेला माणूस, त्याला कशाला टोचा, असं त्यांच्या मनात आलं. संसारात बायका असं कितीतरी सोडून देतात, आणि त्यातलं नेमकं एखादं पुढं येऊन डोक्यावर बसतं.

खडीचा थर पडला. तो दाबला. त्यावर बारीक खडीचा, आणि त्यावर दगडाच्या भुशाचा, ज्याला सगळे कच म्हणतात, त्याचा थर पडला. दर दोन-चार दिवसांनी मुली येऊन कुंपणावरून माना उंचावत. "बाई, झालं?"

"होत आलंय. आठवडाभर थांबा."

"मागच्या वेळीपण होत आलं होतं," मिरची म्हणायची.

एकदा बाईंनी दाबलेल्या थरावर चेंडू टाकून बघितला. त्यांची परीक्षा ती. मैदान चांगलं की वाईट, हे त्यांना चेंडूच्या आवाजावरून कळे. टण, टण, टण करत त्या चालत गेल्या आणि कुंपणाजवळ चेंडूनं केलं धप्. वर आलाच नाही, दमलेल्या कुत्र्यासारखा तिथंच बसला.

"इथं जमीन मऊ आहे," बाई म्हणाल्या.

बुडबुडेरावांनी लेव्हल ठेवली. "मधोमध आहे बुडबुडा. तुझ्या चेंडूत हवा कमी असेल."

बाईंनी तोच चेंडू दुसरीकडे आपटला. टण. परत कुंपणाजवळ आपटला. धप्.

खणून बघितलं तेव्हा खाली झाडाचं कुजलेलं खोड निघालं, हातानं चुरा होईल असं. आक्कांनी एकेकाळी टाकीत पानं पडतात म्हणून ते झाड पाडायला लावलं होतं. "मला आठवत होतं की इथं काहीतरी होतं," आक्का म्हणाल्या.

"मग सांगितलं का नाहीत, आक्का?"

"मला कुणी विचारलं?"

परत खणणं, परत भरणं, परत दाबणं. बाईंच्या डोक्यात दिवसभर एकच गणित चाले: सुट्टी इतकी उरली, काम तितकं उरलं. सुट्टी रोज कमी होत होती आणि काम मात्र होतं तिथंच. गाडं पुढं सरकेल तर शपथ. रात्री कूस बदलताना त्या म्हणायच्या, "अहो, मुलींना नुसतं पळायचंय तिथं. यंत्र नाही बसवायचं." त्यावर शेजारून घोरण्याचा आवाज यायचा, तोही एका लयीत.

शेवटी एकदाचा छोटा रोलर आला. रोलरवाला तरुण होता, कानाला सतत फोन. पाणी शिंपडलं की तो फिरवायचा, मग बुडबुडेराव गुडघ्यांवर बसून लेव्हल लावायचे आणि हात वर करायचे. "अजून एकदा. या इथं केसभर वर आहे."

असं बऱ्याचदा झाल्यावर तो फोनवर "थांब जरा" म्हणाला आणि खाली वाकला. "काका, हा रोलर आहे. इस्त्री नाही."

बाई पदर तोंडाला लावून हसल्या. पण तो गेल्यावर त्यांनी मैदानाकडे बघितलं आणि त्यांचं हसू थांबलं. सुंदर दिसत होतं. राखाडी, घट्ट, एकसारखं. त्यांनी चेंडू टाकला. टण. कोपऱ्यात. टण. कुठंही टाका, टण. सुट्टी अजून थोडी शिल्लक होती. वरचा पक्का थर पुढं कधीतरी होईल, तोवर यावर खेळता येणार होतं. त्यांनी कॅप्टनला फोन केला. "उद्या दुपारी या सगळ्या. बूट घालून या."

फोनमधून किंचाळण्याचा जो आवाज आला, तो ऐकून आक्का आतून म्हणाल्या, "कुणाला विंचू चावला गं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई चहा गाळत होत्या. परसातून बुडबुडेरावांची हाक आली. "अगं, इकडे ये! लवकर!"

आवाजात आनंद होता, म्हणून बाई गाळणी हातात घेऊनच गेल्या.

गच्चीवरच्या टाकीचा जादा पाण्याचा पाइप परसात उघडायचा. आक्कांनी पहाटे पंप चालू केला होता आणि नेहमीप्रमाणे विसरल्या होत्या. टाकी कधीच भरली होती. पहाटेपासून पाइप मोकळ्या तोंडानं वाहत होता, आणि मैदान या टोकापासून त्या टोकापर्यंत पाण्याखाली होतं. आरशासारखं. कडेला रोवलेला रिंगचा खांब त्यात उलटा दिसत होता.

बुडबुडेराव काठावर बसून पाण्यात पोलादी पट्टी बुडवत होते. एका कोपऱ्यात बुडवली, वाचली. धावत दुसऱ्या कोपऱ्यात गेले, वाचली. "बघ! इथं जेवढं, तेवढंच तिथं. चारी कोपऱ्यांत सारखं पाणी. एक सूतही फरक नाही!"

बाई बघत राहिल्या.

"अहो," त्या हळूच म्हणाल्या, "ते पाणी आहे."

"हो ना!"

"मैदानावर आहे."

"हो, आणि सगळीकडे सारखं..."

"ते जात का नाही?"

"कुठं जाणार?" बुडबुडेराव म्हणाले. आणि मग त्यांनी स्वतःचंच वाक्य ऐकलं. पट्टी हातात तशीच राहिली.

बाईंनी पुढं पाऊल टाकलं. काल जिथं चेंडू टण वाजला होता, तिथं त्यांची चप्पल चिखलात रुतली. ओढली तर पाय आला, चप्पल आली नाही. मग मात्र त्यांचा बांध फुटला.

"मी सांगितलं होतं! नळी धरून उभी होते तेव्हाच सांगितलं होतं, उतार ठेवा म्हणून! पण नाही. पालथ्या घड्यावर पाणी! मला मैदान हवं होतं, तुम्ही मला परात करून दिलीत. भलीमोठी, लेव्हलमध्ये बसवलेली परात!"

"तू परत काही बोलली नाहीस," बुडबुडेराव पुटपुटले.

"नाही बोलले! कारण तुम्ही शीळ घालत होतात!"

हे असं तोंडातून निघेल असं बाईंना वाटलं नव्हतं. बुडबुडेरावांनाही वाटलं नव्हतं.  तेवढ्यात आक्का पायरीवर आल्या, पाण्याकडे बघितलं आणि विचारलं, "पंप कुणी चालू ठेवला?"

दुपारी मुली आल्या तेव्हा बुडबुडेराव बादलीनं पाणी उपसत होते आणि बाई अनवाणी, साडी खोचून, झाडूनं ते त्यांच्याकडे ढकलत होत्या. पाणी थोडं पुढं जायचं आणि शांतपणे परत यायचं. पाचही मुली नवे बूट घालून आल्या होत्या. निदान धुतलेले तरी.

"बाई, आपण पोहायला शिकणार आहोत का?" मिरचीनं विचारलं. कुणी हसलं नाही.

"आता किती दिवस?" कॅप्टन म्हणाली.

'आठवडाभर' हा शब्द बाईंच्या जिभेवर तयार होता. सगळी सुट्टी त्यांनी तो वाटला होता. त्यांनी पायाखाली बघितलं. हे उपसायचं, वाळायला ठेवायचं, वरचा थर सगळा खरवडायचा, नवा घालायचा, रोलरवाल्याच्या हातापाया पडायचं.

"माहीत नाही," त्या म्हणाल्या.

जोडीतल्या एकीनं दुसरीकडे बघितलं. जिराफ पुढं आली. "आज संध्याकाळपर्यंत क्लबाला कळवायचंय. मी नाही म्हणून सांगते, बाई. थांबू आपण."

बाईंना हेच तर ऐकायचं होतं. याचसाठी सगळा उपद्व्याप. आणि आता पोरगी आपण होऊन म्हणत होती, तर त्यांच्या घशाखाली ते उतरेना.

"नको," त्या म्हणाल्या. "हो म्हणून सांग. तू जा."

"तुम्ही मला काढताय?"

"काढत नाहीये गं. पण तुला थांब म्हणू कशाच्या जोरावर? या चिखलाच्या? तुझे उंच व्हायचे दिवस आहेत, शिकायचे दिवस आहेत. ते माझ्या कुंपणाला टेकून घालवू नकोस."

जिराफचे डोळे भरले आणि ती ते लपवायला मान वर करून आभाळाकडे बघत राहिली. तिच्या उंचीमुळे तसंही कुणाला दिसलं नसतं.

"आणि आम्ही?" कॅप्टनचा आवाज चिरकला. "तिला पाठवून दिलंत. आम्ही चौघींनी काय करायचं? बुद्धिबळ?"

 मुली गेल्या. कॅप्टननं फाटक असं आपटलं, की कडी निखळून पडली. बाई झाडू धरून उभ्या राहिल्या. आता भांडायला बुडबुडेराव तेवढे उरले होते. त्या पुरत्या तयारीनं वळल्या.

ते खुंटीशी उकिडवे बसले होते. दोरी सोडत होते. "कुठल्या बाजूला?" त्यांनी विचारलं.

"काय कुठल्या बाजूला?"

"उतार."

बाईंच्या तोंडातली सगळी वाक्यं वाया गेली. नवऱ्याला हे शहाणपण सुचायचं होतं तर निदान त्यांचं बोलून झाल्यावर तरी सुचायचं. "कुंपणाकडे," त्या तुटकपणे म्हणाल्या.

"माझ्या खोलीकडे नको हं," आक्का पायरीवरून म्हणाल्या.

"खरं तर तिकडेच करायला हवा," बाई म्हणाल्या, आणि आक्का एकाएकी काहीतरी आठवल्यासारखं करून आत गेल्या.

"किती ठेवू?" बुडबुडेरावांनी विचारलं.

"मला आकडा ठाऊक नाही. पोरींच्या पायांना कळू नये आणि पाण्याला कळावं, एवढा."

त्यांनी कुंपणाकडची खुंटी किंचित खाली ठोकली. दोरीवर लेव्हल टेकवली. बुडबुडा सरकला आणि एका बाजूला जाऊन बसला. ते त्याच्याकडे बघत राहिले. बोट आपोआप खुंटीकडे गेलं, परत वर उचलायला. बाईंनी ते बघितलं.

"बघवत नाही गं," ते म्हणाले.

"मग बघू नका. दोरी धरा."

वाळायला वेळ लागला, खरवडायला त्याहून जास्त. रोलरवाला परत आला, मैदानाभोवती फिरला, थांबला. त्यानं चक्क फोन खिशात ठेवला. "काका, आता तर तिरकं दिसतंय."

"मुद्दाम केलंय," बुडबुडेराव म्हणाले. चोरी कबूल करावी तशा आवाजात.

तोवर शाळा उघडून बरेच दिवस झाले होते. ज्या दिवशी ओतलेलं बादलीभर पाणी सावकाश, रमतगमत, पण नक्की कुंपणाकडे गेलं, त्या दिवशी बाईंनी निरोप पाठवला. चौघी आल्या. बाईंची नजर त्यांच्या मागं, फाटकापाशी गेली आणि परत आली. जिराफ क्लबात होती. चांगली खेळत होती म्हणे. संध्याकाळची बस पकडायला पळत असायची, दिसली तर हात करायची.

कॅप्टन अजून रुसलेली होती. तिनं चेंडू घेतला, एकदा आपटला, कान देऊन आवाज ऐकला, पण 'छान' म्हणायची काही तिची तयारी नव्हती. "चौघींत काही बसत नाही, बाई. सगळे डाव पाचांचे आहेत. रिंगखाली कुणी नसलं तर मी पास कुणाला देऊ? खांबाला?"

"नवी मुलगी शोधू."

"कधी?"

या प्रश्नाचा बाईंना आता मनापासून वीट आला होता. त्या आत गेल्या. बाहेर आल्या त्या शाळेतले कॅनव्हासचे बूट आणि ट्रॅकसूट घालून. कंबर आवळली आणि रिंगखाली जाऊन उभ्या राहिल्या. पाचजणींत सगळ्यात बुटक्या.

मिरचीला हसू आवरेना. "बाई, तुम्ही जिराफच्या जागी?"

"का? मान लांब करू का?"

"अगं, गुडघा!" बुडबुडेराव पायरीवरून उठले. "डॉक्टरांनी काय सांगितलंय?"

"डॉक्टरांना पाठवा मग. आम्हाला एक कमीच आहे."

खेळ सुरू झाला. पहिला पास बाईंच्या डोक्यावरून कुंपणाबाहेर गेला. दुसरा खांद्याला लागला. तिसरा हातात आला, तेव्हा त्यांना इतका आनंद झाला, की त्या तो धरून उभ्याच राहिल्या. जोडीतल्या एकीनं तो हिसकावला. की दुसरीनं? बाईंना दम लागला होता, गुडघा खरंच दुखत होता, आणि जिथं जिराफचा हात सहज पोचला असता तिथं त्यांचा हात हातभर कमी पडत होता. प्रत्येक वेळी कमी पडत होता. मुली ते बघत होत्या आणि काही बोलत नव्हत्या, आणि बाईंना त्याचाच सगळ्यात जास्त राग येत होता.

"बाई!" कॅप्टन अखेर मैदानाच्या दुसऱ्या टोकावरून ओरडली. सुट्टीत साठलेला सगळा राग त्या ओरडण्यात होता. "बघत काय उभ्या राहिलात? पळा!"

बाई पळाल्या.